डी४०० : एका न निघालेल्या कॅमेऱ्याचा इतिहास

निकॉन या जपानी कंपनीने ३० जुलै २००९ रोजी डी३००एस हा कॅमेरा जाहीर केला आणि त्याचा खरा वारस म्हणावा असा डी५०० हा कॅमेरा ५ जानेवारी २०१६ रोजी जाहीर केला. या दोन तारखांच्या मधल्या सुमारे साडेसहा वर्षांत जगभरच्या छायाचित्रकारांच्या बोलण्यात ‘डी४००’ नावाचा एक कॅमेरा वावरत होता. त्याच्यात किती मेगापिक्सेल असतील, तो सेकंदाला किती चित्रे टिपेल, त्याची किंमत काय असेल आणि तो कोणत्या महिन्यात येईल, हे सारे पुन्हा पुन्हा ठरवले जात होते आणि दर वेळी खोटे पडत होते, कारण या नावाचा कॅमेरा कधी निघालाच नाही. अशा चर्चेला हौशी मंडळींचा रिकामपणचा उद्योग म्हणून बाजूला सारण्याची रीत आहे. पण ही रीत त्या छायाचित्रकारांवर अन्याय करणारी आहे. येऊ घातलेल्या कॅमेऱ्याबद्दल तर्क बांधणे म्हणजे एका गुप्तता पाळणाऱ्या कारखान्याच्या कामाची लय बाहेरून ओळखण्याचा प्रयत्न होता, त्या प्रयत्नामागे ज्याच्या त्याच्या खिशातला पैसा गुंतलेला होता, आणि ही लय कशी बसली, कशी ओळखली गेली व कशामुळे मोडली, हे पाहिले तर डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याच्या वीस वर्षांचा इतिहास बराचसा उलगडतो.

एसएलआर, म्हणजे सिंगल लेन्स रिफ्लेक्स, या रचनेत ज्या भिंगातून चित्र उमटते त्याच भिंगातून छायाचित्रकार पाहतही असतो. भिंगातून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडून वर वळतो, पंचकोनी प्रिझममधून सुलटा होऊन डोळ्यापर्यंत पोहोचतो, आणि बटण दाबताच आरसा क्षणभर वर उचलला जाऊन प्रकाशाची वाट मागच्या फिल्मकडे किंवा सेन्सरकडे, म्हणजे प्रकाशाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणाऱ्या सिलिकॉनच्या पट्टीकडे, मोकळी होते. या कॅमेऱ्याचे दोन भाग सुटे होतात. एक बॉडी आणि दुसरे भिंग, ज्याला व्यवसायात सगळेच लेन्स म्हणतात; आणि या दोहोंना जोडणारी पोलादी कड्याची जागा म्हणजे माउंट. निकॉनचा एफ माउंट १९५९ साली ‘निकॉन एफ’ या कॅमेऱ्याबरोबर आला. त्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर ठरले आणि ते पुढे सहा दशके बदलले नाही. एका कंपनीच्या माउंटला दुसऱ्या कंपनीची लेन्स सहसा बसत नाही, त्यामुळे ज्याने चार-पाच चांगल्या लेन्स घेतल्या तो त्या कंपनीशी बांधला जातो. बॉडी आज ना उद्या बदलायची असते, पण लेन्स वर्षानुवर्षे राहतात, आणि त्यांची एकत्रित किंमत बॉडीच्या कितीतरी पट होते. म्हणूनच कंपनी पुढे कोणती बॉडी काढणार हा प्रश्न अशा माणसासाठी आपल्या आधीच्या गुंतवणुकीचे काय होणार याचा प्रश्न असतो, आणि त्याची उत्सुकता समजून घ्यायची तर सुरुवात या पोलादी कड्यापासूनच करावी लागते.

फिल्मच्या काळात ही उत्सुकता नव्हती असे नाही, पण तिला घाई नव्हती. निकॉनचा व्यावसायिक वर्गाचा कॅमेरा १९५९ नंतर १९७१ मध्ये (एफ२), मग १९८० मध्ये (एफ३), १९८८ मध्ये (एफ४), १९९६ मध्ये (एफ५) आणि २००४ मध्ये (एफ६) बदलला. म्हणजे दोन पिढ्यांमध्ये आठ ते बारा वर्षे जात. जपानमध्ये १९२६ पासून निघणाऱ्या ‘असाही कॅमेरा’सारख्या मासिकांतून नव्या मॉडेलची चाहूल वाचकांना लागत असे आणि तेवढी पुरतही असे, कारण चित्राची प्रत मुख्यतः फिल्मवर आणि लेन्सवर अवलंबून होती. अधिक संवेदनशील किंवा बारीक दाण्याची फिल्म बाजारात आली की ती वीस वर्षे जुन्या कॅमेऱ्यातही घालता येत असे, आणि जुना कॅमेरा त्या दिवशी नव्याइतकाच चांगला होत असे. बॉडी ही एका अर्थाने अंधारी पेटी होती. पेटी जुनी झाल्याने चित्र जुने होत नव्हते.

डिजिटल तंत्राने नेमका हा हिशेब बदलला. कोडॅकने १९९१ मध्ये निकॉन एफ३ च्या बॉडीवर १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर बसवून डीसीएस हा कॅमेरा विकायला काढला, पण त्याच्याबरोबर खांद्याला अडकवायची साठवणयंत्रणा वेगळी न्यावी लागे आणि किंमत केवळ वृत्तसंस्थांना झेपण्यासारखी होती. निकॉनने स्वतः पूर्णपणे घडवलेला डी१ हा कॅमेरा १५ जून १९९९ रोजी जाहीर झाला. त्यात २.७ मेगापिक्सेलचा सेन्सर होता आणि जपानमधली किंमत साडेसहा लाख येन होती, जी तेव्हाच्या स्पर्धकांच्या मानाने इतकी कमी होती की वृत्तपत्रांच्या छायाचित्र विभागांनी फिल्म सोडण्याची सुरुवात तिथून धरली जाते. मात्र या कॅमेऱ्यात ‘फिल्म’ आता बॉडीच्या आतच कायमची बसलेली होती. सेन्सर जुना झाला की अख्खी बॉडी जुनी होत होती, आणि सिलिकॉनची प्रगती दर दोन-तीन वर्षांनी मोठी झेप घेत असल्यामुळे आठ वर्षांचे चक्र चार वर्षांवर, आणि खालच्या किमतीच्या वर्गांत दीड-दोन वर्षांवर आले. नवी बॉडी जाहीर झाली की जुन्या बॉडीची बाजारातली किंमत घसरते; आज घेतलेली वस्तू पुढच्या महिन्यात मागच्या पिढीची ठरण्याची भीती प्रत्येक खरेदीदाराच्या मनात शिरली. तर्क बांधणे ही या भीतीवरची एकमेव उपलब्ध तजवीज होती.

दुसऱ्या बाजूला कंपन्यांनी तोंड घट्ट मिटण्याला स्वतःचे कारण होते. संगणक उद्योगात ज्याला ‘ऑस्बोर्न परिणाम’ म्हणतात तो असा की पुढच्या वस्तूची घोषणा वेळेआधी झाली तर ग्राहक आजची वस्तू घेणे थांबवतात आणि कंपनीकडे येणारा पैसा आटतो. हे नाव ॲडम ऑस्बोर्न याच्या कंपनीवरून पडले, जी १९८३ साली दिवाळखोरीत निघाली. कॅमेऱ्याच्या धंद्यात दुकानदारांच्या कपाटात जुना माल पडून असतो, त्यामुळे हा धोका अधिकच. म्हणून कंपनीचे अधिकारी मुलाखतींतून पुढच्या मॉडेलवर बोलत नसत, आणि ग्राहकाच्या हाती राहत असे ते फक्त निरीक्षण.

हे निरीक्षण पुष्कळ फळ देत असे, कारण कॅमेरा उद्योग कमालीचा वेळापत्रकबद्ध होता. जर्मनीतल्या कोलोन शहरात १९५० पासून भरणारे ‘फोटोकिना’ हे या व्यवसायाचे सर्वांत मोठे प्रदर्शन. ते पुढे दर सम वर्षाच्या सप्टेंबरात भरू लागले आणि त्याच्या आगेमागे मोठ्या घोषणा होत. अमेरिकेत पीएमए या संघटनेचे प्रदर्शन वर्षाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत होत असे, त्यामुळे फेब्रुवारी आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे घोषणांचे दोन हंगाम ठरले. व्यावसायिक कॅमेऱ्यांचे गणित ऑलिंपिकशी जुळलेले होते. सिडनी २००० च्या आधी डी१ आला, अथेन्स २००४ च्या आधीच्या वर्षी डी२एच, बीजिंग २००८ च्या आधीच्या वर्षी डी३, लंडन २०१२ च्या वर्षारंभी डी४ आणि रिओ २०१६ च्या वर्षारंभी डी५. मैदानाच्या कडेला बसलेल्या शेकडो वृत्तछायाचित्रकारांच्या हाती नवे साधन पोहोचवायचे आणि त्यांना त्याचा सराव व्हायला काही महिने द्यायचे, हा त्यामागचा व्यवहार होता. चार वर्षांच्या मध्यावर त्याच कॅमेऱ्याची सुधारित आवृत्ती निघे आणि तिच्या नावामागे ‘एस’ लागे. ज्याला ही लय एकदा कळली त्याला पुढची घोषणा कोणत्या तिमाहीत होणार हे बऱ्यापैकी सांगता येत होते, आणि ते खरेही ठरत होते. पावसाचा अंदाज नक्षत्रांवरून बांधणाऱ्या शेतकऱ्याच्या ज्ञानाशी या ज्ञानाचे नाते जवळचे आहे.

या परंपरेतला पहिला मोठा वाद सेन्सरच्या आकाराचा होता. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीचा आकार ३६ बाय २४ मिलिमीटर. त्या आकाराच्या सेन्सरला ‘फुल फ्रेम’ म्हणतात. एवढी मोठी सिलिकॉनची पट्टी निर्दोष बनवणे फार महाग असल्यामुळे निकॉनने डी१ मध्ये साधारण २४ बाय १६ मिलिमीटरचा लहान सेन्सर वापरला, ज्याला पुढे ‘डीएक्स’ हे नाव मिळाले. लहान सेन्सर लेन्सने उमटवलेल्या चित्राचा फक्त मधला भाग घेतो, त्यामुळे दृश्य दीडपट जवळ आल्यासारखे दिसते. दूरचे टिपणाऱ्याला हा लाभ होता, पण रुंद दृश्य टिपणाऱ्याच्या वाइड लेन्सची रुंदी हरवत होती. प्रतिस्पर्धी कॅनन कंपनीने २००२ मध्ये ११ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम ईओएस-१डीएस आणि ऑगस्ट २००५ मध्ये त्याच्याहून पुष्कळ स्वस्त असा ५डी काढला. निकॉन मात्र डीएक्स पुरेसा आहे या भूमिकेवर टिकून होती, आणि २००३ पासून खास डीएक्ससाठीच्या लेन्सही काढत होती.

पाच वर्षे या मौनाचा अर्थ लावण्यात गेली. एका पक्षाचा युक्तिवाद असा होता की एफ माउंटचा आतला व्यास ४४ मिलिमीटर आहे, कॅननच्या १९८७ च्या माउंटचा ५४. फिल्म तिरपे किरण निमूटपणे स्वीकारते, पण सेन्सरचा प्रत्येक बिंदू लहानशा विहिरीसारखा असल्यामुळे कडेच्या बिंदूंत तिरपे किरण तळापर्यंत पोहोचत नाहीत, तेव्हा अरुंद माउंटमधून फुल फ्रेम सेन्सरच्या कोपऱ्यांना न्याय देता येणारच नाही. या युक्तिवादात भौतिकशास्त्र होते, पण त्याने सिद्ध केले त्याहून अधिक गृहीत धरले होते. कोडॅकने २००२ मध्येच एफ माउंटची फुल फ्रेम बॉडी दाखवली होती. तिच्यात उणिवा होत्या, पण ती अशक्य नव्हती हे तिच्या अस्तित्वानेच दाखवले. दुसरा पक्ष लेन्सच्या यादीकडे बोट दाखवत होता, आणि हा पक्ष अधिक शहाणा होता. फेब्रुवारी २००६ मध्ये निकॉनची १०५ मिलिमीटर मायक्रो लेन्स आणि ऑगस्टमध्ये ७०-३०० ची नवी लेन्स आली. दोन्ही अगदी ताज्या रचनेच्या, आणि दोन्ही पूर्ण चौकट झाकणाऱ्या. ज्या कंपनीला फुल फ्रेम कधीच करायचा नाही ती मोठ्या वर्तुळाची, म्हणून अधिक जड व महाग लेन्स नव्याने का आखेल, हा प्रश्न पुरेसा बोलका होता. २३ ऑगस्ट २००७ रोजी १२.१ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम डी३ जाहीर झाला, त्याच्याबरोबर त्याच आकारासाठीच्या १४-२४ आणि २४-७० या दोन लेन्स आल्या, आणि अरुंद माउंटचा वाद एका दिवसात निकालात निघाला. कंपनी बोलत नाही तेव्हा तिच्या लेन्स बोलतात, हा या व्यवसायातला नियम इथे पक्का झाला, आणि त्याचा उपयोग पुढे आणखी एकदा व्हायचा होता.

त्याच दिवशी दुसरा एक कॅमेरा जाहीर झाला, डी३००. नावातच नाते होते. डी३ हा वडील भाऊ, फुल फ्रेम आणि अमेरिकेत सुमारे पाच हजार डॉलरचा. डी३०० हा धाकटा, डीएक्स सेन्सरचा आणि अठराशे डॉलरचा, पण नियंत्रणे, मॅग्नेशियम मिश्रधातूचा सांगाडा आणि स्वयंचलित फोकसची ५१ बिंदूंची यंत्रणा थोरल्याच्याच घराण्यातली. हे ५१ बिंदू दोन्ही कॅमेऱ्यांत साधारण सारख्याच आकाराच्या क्षेत्रात मांडलेले होते. त्यामुळे फुल फ्रेमच्या मोठ्या चौकटीत ते मध्यभागी गोळा झालेले दिसत, तर डीएक्सच्या लहान चौकटीत जवळजवळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरत. उडता पक्षी चौकटीच्या कोपऱ्याकडे सरकला तरी फोकस त्याला सोडत नसे. त्यातच दीडपट जवळ येणारे दृश्य. ३०० मिलिमीटरची लेन्स या बॉडीवर ४५० ची वाटे, आणि तेवढ्या पल्ल्याची खरी लेन्स घ्यायची तर वजन आणि किंमत दोन्ही अनेक पटींनी वाढत. म्हणून पक्षी, वन्यजीव आणि मैदानी खेळ टिपणारा मोठा वर्ग या कॅमेऱ्याभोवती जमला. भिगवणच्या पाणथळीत रोहित पक्ष्यांच्या थव्याकडे किंवा ताडोब्यातल्या जिप्सीतून झाडोऱ्याआडच्या वाघाकडे लेन्स रोखून बसणारा छायाचित्रकार याच वर्गातला. त्याला फुल फ्रेमचे आकर्षण दाखवून फारसा उपयोग नव्हता.

हा वर्ग काय मागत होता ते डी३०० हातात धरल्यावर कळते. पुढच्या बाजूला दहा टाचण्यांची गोल खोबण, जिच्यात दूरनियंत्रक अडकतो. मागे अंगठ्याखाली फक्त फोकससाठी राखलेले बटण. आणि डाव्या खांद्यावर हौशी कॅमेऱ्यांत असते तशी चित्रांची चिन्हे काढलेली फिरकी नसून स्वतंत्र बटणांचा गोल गट. थंडीत, हातमोजे घालून, डोळा न काढता ही बटणे बोटांनी ओळखता येतात. पुढच्या काळात ज्या ज्या कॅमेऱ्याला डी३०० चा वारस म्हणून पुढे केले गेले त्याची परीक्षा या खुणांवर झाली.

डी३ आणि डी३०० एकाच दिवशी आले, तेव्हा डी४ आणि डी४०० ही एकाच दिवशी येतील, हा तर्क सरळ होता. २००९ च्या डी३००एस मध्ये चित्रफितीची सोय आणि दुसरे कार्ड ही मुख्य भर होती, सेन्सर १२.३ मेगापिक्सेलचाच राहिला होता, त्यामुळे पुढची झेप जवळ आली आहे असे मानायला जागा होती. सप्टेंबर २०१० मध्ये त्याच्याहून स्वस्त डी७००० हा १६ मेगापिक्सेलचा कॅमेरा आला आणि चित्राच्या प्रतीत त्याने वरच्या वर्गाला मागे टाकले. धाकटा थोरल्याच्या पुढे गेला, की थोरल्याचा वारस यायला फार अवधी नसतो, असा या उद्योगाचा तोवरचा अनुभव होता.

लय मोडली ती कारखान्याच्या दारात. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानला ९.० तीव्रतेच्या भूकंपाचा आणि त्सुनामीचा तडाखा बसला. निकॉनचे वरच्या वर्गातले कॅमेरे मियागी प्रांतातल्या नातोरी येथील सेंदाई निकॉन या कारखान्यात जुळवले जात. तिथली यंत्रे आणि इमारत यांचे नुकसान झाले आणि मार्चअखेरीस काम कसेबसे पुन्हा सुरू झाले. डीएक्स सेन्सरचे कॅमेरे मात्र थायलंडमध्ये, बँकॉकच्या उत्तरेला अयुथ्या प्रांतातल्या रोजना औद्योगिक वसाहतीत बनत, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातल्या महापुराने ती वसाहत पाण्याखाली गेली. भूकंप काही मिनिटांचा असतो. हे पाणी आठवडेच्या आठवडे हटले नाही. तळमजल्यावरची यंत्रे बुडाली, उत्पादन ६ ऑक्टोबरपासून बंद पडले, आणि जानेवारी २०१२ मध्ये थोडेथोडे सुरू होऊन ते पूर्ववत व्हायला वसंत ऋतू उजाडला. एकाच वर्षात कंपनीचे दोन्ही हात जायबंदी झाले होते. बाहेरून लय मोजणाऱ्यांच्या गणितात या संकटांना जागाच नव्हती, आणि असणार तरी कशी. त्यांनी मोजली होती ती माणसांची सवय, नदीची आणि भूगर्भाची नव्हे.

६ जानेवारी २०१२ रोजी डी४ जाहीर झाला, एकटाच. महिन्याभराने ३६.३ मेगापिक्सेलचा डी८०० आला, ज्याने आपल्या वर्गातले तोवरचे सगळे आकडे मागे टाकले, पण तो फुल फ्रेम होता. सप्टेंबरात डी६०० आला, पुन्हा फुल फ्रेम, आणि अमेरिकेत सुमारे एकवीसशे डॉलरचा, म्हणजे जिथे डी४०० बसायला हवा होता त्या किमतीच्या अगदी लगत. पुराने उशीर झाला हे खरे. पण या तीन घोषणांतून दिसते ते असे की उशीर करता करता कंपनीने दिशाही बदलली होती. ज्यांना वरच्या वर्गाचा कॅमेरा हवा त्यांनी फुल फ्रेमकडे वळावे, आणि त्याबरोबर त्या आकाराच्या महाग लेन्सही घ्याव्यात, असा तो हिशेब असावा. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी २४.१ मेगापिक्सेलचा डी७१०० आला तेव्हा कंपनीने त्यालाच डीएक्स वर्गाचा शिरोमणी म्हटले. त्यात ५१ बिंदूंची फोकस यंत्रणा होती, आणि पक्षी टिपणाऱ्यांच्या दृष्टीने सेन्सर उत्तम होता. पण त्याची बफर, म्हणजे कार्डावर लिहिले जाईपर्यंत चित्रे तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती, इतकी लहान होती की उच्च प्रतीच्या कच्च्या फाइलची सहाच चित्रे सलग घेतल्यावर वेग अडखळत असे. घारीने पाण्यावर झेप घेतली, बोट दाबले गेले, आणि मासा पंजात येण्याच्या नेमक्या क्षणी कॅमेरा थांबला, हा अनुभव ज्याने घेतला त्याला ‘शिरोमणी’ हा शब्द पटला नाही. त्यातून डी४०० ची मागणी थंडावण्याऐवजी तिला नेमकेपणा आला.

या काळात तर्काची साधनेही बदलली. जपानी पेटंट अर्ज दाखल झाल्यापासून अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतात. त्यांतल्या भिंगांच्या आकृत्या वाचून लेन्सचा आवाका आणि ती कोणत्या आकाराच्या सेन्सरसाठी आहे हे काढता येते, मात्र पेटंट घेतलेली प्रत्येक लेन्स बनतेच असे नाही, हे विसरले की फसगत होते. कॅमेऱ्यांत वाय-फाय आले तसे रेडिओ लहरी वापरणाऱ्या उपकरणांची नोंद देशोदेशीच्या सरकारी यंत्रणांकडे करणे भाग पडले, आणि घोषणेपूर्वीच कंपनीचे सांकेतिक क्रमांक सरकारी याद्यांत दिसू लागले. कंपन्याही या उत्सुकतेचा वापर करायला शिकल्या. कॅननने २००८ मध्ये ५डी मार्क २ च्या आधी काळोखात जेमतेम कडा दिसेल असे चित्र प्रसिद्ध केले होते, आणि निकॉनने २०१३ च्या शरदात डीएफ या जुन्या वळणाच्या कॅमेऱ्यापूर्वी अशा चित्रफितींची मालिका सोडली, ज्यांत कॅमेरा जवळजवळ दिसतच नसे, फक्त त्याच्या धातूच्या चकत्या फिरण्याचा टकटक आवाज ऐकू येई. गुपित हेच जाहिरातीचे साहित्य झाले होते. डी४०० ची वाट पाहणाऱ्यांच्या वाट्याला मात्र असा आवाजही आला नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये कॅननने आपल्या अशाच वर्गातल्या, पाच वर्षे जुन्या ७डी चा वारस ७डी मार्क २ काढला, आणि निकॉनच्या गोटातली निराशा टोकाला गेली. अनेकांनी डी४०० हे नाव सोडून दिले. पण लेन्स बोलतात हा जुना नियम या वेळीही खरा ठरला. २ जुलै २०१५ रोजी निकॉनने १६-८० मिलिमीटरची एक डीएक्स लेन्स जाहीर केली. तिची किंमत हजार डॉलरहून अधिक होती, तिच्या भिंगांवर प्रकाशाची परावर्तने दाबणारा नॅनो क्रिस्टलचा लेप होता, जो तोवर एकाही डीएक्स लेन्सला मिळाला नव्हता, आणि तिच्या नळीवर तो लेप दर्शवणारे सोनेरी ‘एन’ अक्षर होते. २००३ च्या १७-५५ नंतर कंपनीने डीएक्सच्या सर्वसाधारण वापराच्या लेन्सवर एवढा खर्च केला नव्हता. पुढच्याच महिन्यात २००-५०० मिलिमीटरची, आवाक्यातल्या किमतीची लेन्स आली, जी डीएक्स बॉडीवर ३०० ते ७५० इतका पल्ला देते. ही सोनेरी खूण ज्यांनी नीट वाचली त्यांना उत्तर मिळाले होते. १८ नोव्हेंबरला कंपनीने डी५ तयार होत असल्याचे जाहीर केले; धाकट्या भावाबद्दल त्या निवेदनात चकार शब्द नव्हता.

५ जानेवारी २०१६ रोजी डी५ बरोबर डी५०० आला. जोडी पुन्हा एकाच दिवशी, नाव पुन्हा थोरल्याच्या नावावर दोन शून्ये चढवून, आणि मधला चारशेचा आकडा कायमचा रिकामा. त्यात २०.९ मेगापिक्सेलचा सेन्सर होता, वेग सेकंदाला दहा चित्रांचा, फोकसचे १५३ बिंदू थोरल्याकडून जसेच्या तसे घेतलेले आणि पुन्हा चौकटीच्या कडेपर्यंत पसरलेले, आणि एक्सक्यूडी या वेगवान कार्डावर सलग दोनशे कच्च्या फाइल लिहिण्याची ताकद. दहा टाचण्यांची खोबण जागेवर होती. मागणी इतकी झाली की मार्चमध्ये द्यायचे ठरलेले कॅमेरे एप्रिलअखेरीस दुकानांत पोहोचले, आणि त्याच्याबरोबर जोडून विकायची लेन्स होती तीच सोनेरी अक्षराची १६-८०. ज्यांनी साडेसहा वर्षे वाट पाहिली त्यांचे नाव चुकले होते, साल चुकले होते, पण वस्तूचे वर्णन जवळजवळ अचूक निघाले. आणि एखाद्या वर्गाने आपल्याला काय हवे हे इतक्या तपशिलाने आणि इतकी वर्षे मांडत राहावे, याला या व्यवसायाच्या इतिहासात दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

त्यानंतर लय पुन्हा बसली नाही. परंपरेप्रमाणे २०१८ च्या सुमारास डी५एस यायला हवा होता; तो आला नाही. डी८५० तयार होत असल्याचे कंपनीने २५ जुलै २०१७ रोजी, आपल्या शंभराव्या वर्धापनदिनी, स्वतःच सांगून टाकले, आणि सुमारे वर्षभराने, ऑगस्ट २०१८ मध्ये, आरसा काढून टाकलेले झेड मालिकेचे पहिले दोन कॅमेरे जाहीर झाले. त्यांचा माउंट ५५ मिलिमीटर व्यासाचा होता. एफ माउंटच्या अरुंदपणावर दीड दशकापूर्वी झालेल्या वादातली अडचण कंपनीने अखेर अशा रीतीने मिटवली. जगभरातल्या डिजिटल एसएलआरची वार्षिक पाठवणी २०१२ मध्ये १ कोटी ६० लाखांच्या घरात होती. २०२० मध्ये आरसाविरहित कॅमेऱ्यांनी तिला मागे टाकले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत डी६ जाहीर झाला, ज्या ऑलिंपिकसाठी तो काढला होता ते साथीमुळे वर्षभर पुढे गेले, आणि नोव्हेंबरात फोटोकिना अनिश्चित काळासाठी बंद झाल्याची घोषणा झाली. वेळापत्रकाचे खांब एकेक करून निखळले.

जुलै २०२२ मध्ये जपानच्या निक्केई वृत्तपत्राने निकॉन एसएलआरच्या विकासातून बाहेर पडत असल्याचे वृत्त दिले. कंपनीने उत्तरादाखल छोटेसे निवेदन काढून ते वृत्त केवळ तर्क असल्याचे म्हटले, आणि डिजिटल एसएलआरचे उत्पादन, विक्री व सेवा चालू राहील असे सांगितले; नवीन एसएलआर काढण्याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. डी५०० चे उत्पादन तोवर थांबलेले होते. एफ माउंटची नवी बॉडी त्या निवेदनानंतर निघालेली नाही.